‘ताई, बिल नाही पण गॅरंटी आहे’ : ओरिजिनल बॅग ओळखायची तरी कशी?

हेडफोन लावून लोकलमध्ये ऐकणाऱ्यांना हा भाग मिळालाच असेल. ज्यांचा डेटा संपलाय किंवा जे ऑफिसात चोरून वाचतात, त्यांच्यासाठी ही लेखी आवृत्ती. बोलताना जे तोंडातून आलं तेच बहुतेक ठेवलंय, फक्त माझे ‘अं’ आणि ‘म्हणजे ना’ काढलेत. ते जरा जास्तच होते.

गेले काही महिने आपल्या इनबॉक्समध्ये एकाच प्रकारचे मेसेज येतायत. बॅगेचा फोटो, त्यावर मोठा लोगो, आणि खाली प्रश्न : “ताई, ही ओरिजिनल आहे का?” कुणाला बायकोला द्यायचीय, कुणाला स्वतःच्या पहिल्या पगारातून घ्यायचीय. मी प्रत्येकाला एकच उत्तर देते : “फोटोवरून मला नाही सांगता येणार.” लोकांना वाटतं मी भाव खातेय. तसं नाहीये. मला खरंच सांगता येत नाही, आणि हे कळायला मला ४६ हजार रुपये लागले. तर आज तीच गोष्ट, आणि त्यानंतर मी जे काही वाचलं, विचारलं, शोधलं ते सगळं.

माझी आई महानगरपालिकेच्या शाळेत शिकवायची. ३२ वर्षं. तपासायच्या वह्या ती घरी आणायची कापडी पिशवीतून, आणि पिशवीवर कायम कुठल्यातरी साडीच्या दुकानाचं नाव. एक फाटली की दुसरी. आपल्याकडे घरोघरी असतात बघा, गादीखाली घड्या घालून ठेवलेल्या. ती निवृत्त होणार होती तेव्हा मी ठरवलं की आता हिला एक बॅग घ्यायची, आणि साधीसुधी नाही, लुई व्हिटॉनची. ती मोठी उघड्या तोंडाची, नेव्हरफुल नावाची. आईला लुई व्हिटॉन हे माणसाचं नाव आहे की गावाचं हेही माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर हौस माझी होती, खांदा आईचा.

नवी घ्यायची तर किंमत लाखाच्या बरीच वर. माझ्याकडे बोनसचे ५० हजार. मग मी तेच केलं जे तुम्ही करता : इन्स्टाग्रामवर शोधलं. एक पेज सापडलं, ‘प्रीलव्ह्ड लक्झरी’, हजारो फॉलोअर्स, हायलाइट्समध्ये खूश गिऱ्हाइकांचे स्क्रीनशॉट. किंमत ४६ हजार. मी विचारलं, बिल मिळेल का? उत्तर आलं, “ताई, बिल नाही पण गॅरंटी आहे. क्लायंटला दुबईहून गिफ्ट आलेली, दोनदाच वापरलीय.” मग तिने शिलाईचा व्हिडिओ पाठवला, डस्ट बॅग दाखवली, आतल्या खिशातल्या पट्टीवरचा ‘सीरियल नंबर’ दाखवला. मी तोपर्यंत यूट्यूबवर ‘खरी बॅग कशी ओळखावी’चे पाच-सहा व्हिडिओ बघून स्वतःला तज्ज्ञ समजायला लागले होते. शिलाई तिरकी हवी, होती. टाके पिवळसर हवेत, होते. हँडलच्या कडा लाल हव्यात, होत्या. कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर यूपीआय केलं, चार दिवसांत बॅग घरी.

आठ महिने सगळं छान चाललं. आई पहिल्यांदा “नाकापेक्षा मोती जड” म्हणाली आणि मग प्रत्येक लग्नाला तीच बॅग घेऊन गेली. मे महिन्यात हँडलच्या त्या लाल कडा चिकट व्हायला लागल्या. एका मुंजीत तिच्या मोतिया रंगाच्या ब्लाउजवर खांद्याला लाल पट्टा उठला. मी म्हटलं, दे इकडे, दुकानात दाखवून आणते, महागडी कंपनी आहे, दुरुस्त करून देतील.

दुकानातल्या मुलीने हातमोजे घातले, बॅग ट्रेमध्ये ठेवली, आतली पट्टी बघितली, कड बघितली. पाच मिनिटंही लागली नाहीत. “मॅडम, ही आम्हाला रिपेअरला घेता येणार नाही.” का? “हे आमचं प्रॉडक्ट नाहीये.” आजूबाजूच्या कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात ती हे बोलली. मला त्या हळू आवाजाचीच जास्त लाज वाटली.

तो नंबर नेमका काय होता

घरी येऊन मी तो ‘सीरियल नंबर’ नीट बघितला. दोन इंग्रजी अक्षरं आणि पुढे ३२१२. हा सीरियल नंबर नसतो, तिथेच पहिली गंमत आहे. लुई व्हिटॉन १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून बॅगेत एक कोड टाकायची, त्याला डेट कोड म्हणतात. अक्षरं कारखान्याची. आकड्यांची पद्धत २००७ पासून अशी : पहिला आणि तिसरा आकडा मिळून आठवडा, दुसरा आणि चौथा मिळून वर्ष. म्हणजे ३२१२ चा अर्थ, २०२२ चा ३१ वा आठवडा, ऑगस्ट. आता ऐका. मार्च २०२१ पासून कंपनीने हे कोड बंद करून बॅगेच्या आत मायक्रोचिप बसवायला सुरुवात केली. म्हणजे माझी बॅग कोड बंद झाल्यानंतर जवळजवळ दीड वर्षाने ‘बनली’ होती आणि तरी तिच्यात कोड होता!

हा एवढा हिशोब मी विकत घेण्याआधी पाच मिनिटांत करू शकले असते. पण थांबा, यातून “कोड तपासा म्हणजे झालं” असा निष्कर्ष काढू नका. माझ्या बॅगवाल्याने आळस केला म्हणून तो सापडला. त्याने जर २०१९ चा कोड छापला असता तर? तेच कोड हजारो बॅगांवर असतात, कारण एका कारखान्यात एका आठवड्यात बनलेल्या बॅगांचा कोड एकच असतो. खऱ्या बॅगेवरून बघून छापला की संपलं. शनेलच्या बॅगेत वर्षानुवर्षं स्टिकर आणि सोबत कार्ड यायचं, तर नकली बॅगांसोबत नकली कार्डं यायला लागली. तिथेही २०२१ मध्ये चिप आली.

मग चिप? चिप आपल्या फोनला लागते की नाही हे बघून काही कळत नाही. तिच्यातली माहिती वाचून बॅग कोणती, कधीची हे सांगायची सोय कंपनीकडे आहे, तुमच्या-माझ्याकडे नाही. आणि कंपनीचं दुकान बाहेरून घेतलेल्या बॅगेला ‘खरी आहे’ असं प्रमाणपत्र देत बसत नाही. फार तर दुरुस्तीला घेत नाही, जसं माझं झालं.

या सगळ्याला एक जुना विनोदी इतिहास आहे. लुई व्हिटॉनच्या ट्रंका १९ व्या शतकातच इतक्या नकलल्या जायला लागल्या की १८८८ मध्ये त्यांनी बुद्धिबळाच्या पटासारखं डिझाइन काढलं आणि त्यातच नोंदणीकृत ट्रेडमार्क असल्याचे शब्द घातले. लुईच्या मृत्यूनंतर मुलगा जॉर्ज याने १८९६ मध्ये ते प्रसिद्ध एल-व्ही आणि फुलांचं मोनोग्राम काढलं. त्यामागचं एक मोठं कारण नकला थांबवणं हेच होतं. आज जगात सर्वात जास्त नकलल्या जाणाऱ्या डिझाइन्सपैकी ते एक आहे. आणि अजून एक, जे ऐकून माझी मैत्रीण चक्क उठून उभी राहिली : ती मोनोग्रामवाली बॅग चामड्याची नसतेच. सुती कॅनव्हासवर पीव्हीसीचा थर असतो. हँडल आणि पट्ट्या फक्त चामड्याच्या. कापडावर प्लॅस्टिकचा थर चढवणं ही काही गुप्त विद्या नाही, त्यामुळे नकलकाराचं निम्मं काम तिथेच सोपं होतं.

फर्स्ट कॉपी, सेव्हन ए, मिरर…

आपल्याकडे ‘फर्स्ट कॉपी’ हा शब्द आहे. लिंकिंग रोडला विचारा, फॅशन स्ट्रीटला विचारा. दुसरी आणि तिसरी कॉपी कुठे मिळते देव जाणे. त्यावर मग ‘सेव्हन ए’, ‘मास्टर कॉपी’, ‘मिरर क्वालिटी’, ‘एक्सपोर्ट सरप्लस’. हे शब्द ऐकून वाटतं कुणीतरी दर्जा मोजतंय. कुणी मोजत नाही. विकणारा म्हणेल तो ग्रेड. आणि ‘सरप्लस’ तर विशेष मजेशीर, कारण या कंपन्या उरलेला माल टपरीवर जाऊ देण्यापेक्षा जाळणं पसंत करायच्या. बर्बेरीने २०१८ मध्ये स्वतःच्या अहवालातच सांगितलं होतं की वर्षभरात २.८६ कोटी पौंडांचा माल नष्ट केला. बोंबाबोंब झाल्यावर त्याच वर्षी त्यांनी ते थांबवायचं जाहीर केलं. फ्रान्सने तर पुढे कायदाच केला.

आमचा एक श्रोता भांडला होता माझ्याशी. म्हणाला, “ताई, माझी आजी एक ग्रॅमची माळ घालून लग्नाला जाते, तिला कुणी चोर म्हणतं का? मग मी फर्स्ट कॉपी वापरली तर काय बिघडलं?” मुद्दा चांगला आहे. मीही विचारात पडले. फरक मला असा दिसतो : एक ग्रॅमच्या माळेवर कुणा सराफाचा खोटा शिक्का नसतो. ती सोन्यासारखी दिसते, पण सोनं आहे असं सांगत नाही. फर्स्ट कॉपीवर दुसऱ्याचं नाव छापलेलं असतं, आणि आपल्या ट्रेडमार्क कायद्यात, १९९९ च्या, बनवणाऱ्याला आणि विकणाऱ्यालाही ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड अशी तरतूद आहे. गिऱ्हाइकाला कळवून विकली तरी. स्वतःच्या वापरासाठी विकत घेणाऱ्याला मात्र आपल्याकडे हा कायदा गुन्हेगार धरत नाही.

हे ‘आपल्याकडे’ लक्षात ठेवा, कारण युरोप टूरला जाणारे बरेच जण ऐकतायत. इटलीत रस्त्यावर नकली वस्तू विकत घेणाऱ्या पर्यटकालासुद्धा ३०० ते ७,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. फ्रान्समध्ये तर जवळ बाळगणं हाच कस्टमचा गुन्हा आहे, वस्तू जप्त, वर खऱ्या वस्तूच्या किमतीच्या पटीत दंड, आणि कागदावर ३ वर्षांपर्यंत कैदही. पॅरिसच्या विमानतळावर फर्स्ट कॉपी मिरवत उतरू नका, एवढंच.

आणि आपण फार लहान बाजार आहोत असंही समजू नका. अमेरिकेचं व्यापार खातं दरवर्षी ‘बदनाम बाजारां’ची यादी काढतं, त्यात २०२१ मध्ये हाजी अलीजवळचं आपलं हीरा पन्ना होतं. जगाचा आकडा हवा असेल तर ओईसीडी आणि युरोपियन युनियनच्या अहवालानुसार २०२१ मध्ये नकली मालाचा आंतरराष्ट्रीय व्यापार ४६७ अब्ज डॉलरच्या आसपास होता. यात बॅगाच नाहीत, औषधं, सुटे भाग, बूट, सगळं आलं.

शिलाई बघून का कळत नाही

आता माझा मुख्य मुद्दा. यूट्यूबवरचे सगळे व्हिडिओ तुम्हाला बॅग बघायला शिकवतात. टाके मोजा, वास घ्या, चेन ओढून बघा. दहा-पंधरा वर्षांपूर्वी हे ठीक होतं. आता ज्यांना ‘सुपरफेक’ म्हणतात त्या बॅगा बनवणारे खरी बॅग विकत घेतात, उसवतात, प्रत्येक तुकडा मोजतात आणि तसंच चामडं, तशीच चेन मिळवतात. व्हिडिओ तुम्ही बघता तसे तेही बघतात. तुमची चेकलिस्ट ही त्यांची ऑर्डरशीट आहे.

याचं टोकाचं उदाहरण एरमेसचं. हो, उच्चार ‘एरमेस’, ‘हर्मिस’ म्हटलंत तरी माझी हरकत नाही. त्यांची बर्किन बॅग १९८४ ची, अभिनेत्री जेन बर्किनच्या नावाची. तिची स्वतःची मूळ बॅग जुलै २०२५ मध्ये पॅरिसला लिलावात ८६ लाख युरोंना गेली. एक कारागीर दोन सुया घेऊन हाताने शिवतो, हा त्या बॅगेचा अभिमान. तर २०२० मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने नकली बर्किन बनवणाऱ्या एका टोळीला दोषी ठरवलं, आणि त्यात एरमेसचेच माजी कर्मचारी होते. तीच विद्या, तेच हात, खरं मगरीचं कातडं. आता सांगा, तिथे टाके मोजून काय कळणार?

मग ती बॅग नकली कशी, असं विचाराल. कारण ती कंपनीच्या वहीत नाही. कुठून निघाली, कुणी विकली, कुणाला विकली, हा माग तिच्यामागे नाही. बॅगेचं खरेपण बॅगेत शोधून सापडत नाही, ती कोणत्या हातांतून आली त्यात सापडतं. मला हे समजायला वेळ लागला, कारण आपल्याला वस्तूच बघायची सवय आहे. पैठणी घ्यायला गेलं की आई पदर उलटा करून बघते : हातमागाची असेल तर मागची बाजूही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते, सेमी पैठणीला मागे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. तिथे वस्तू स्वतःच बोलते. सोन्याचं वेगळं. सोनं आपण बघून ओळखत नाही, पण एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी असल्याशिवाय सराफाला तो विकता येत नाही, आणि तो तुम्ही बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून तपासू शकता. विकणारा वेगळा, तपासणारा वेगळा. बॅगेच्या बाबतीत असा तिसरा कुणी सरकारी माणूस नाहीये. आहे तो माग. तो तुटला की संपलं.

यात मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट आपल्याच कोल्हापुरीची आहे. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, आधी कुठलाही उल्लेख न करता, आणि आपल्याकडे जो गदारोळ झाला तो तुम्हाला आठवत असेल. तेव्हाही इनबॉक्स भरला होता : “ते आपली नक्कल करतात ते चालतं का?” कायद्याच्या भाषेत ती ‘नकली’ नव्हती, कारण त्यांनी ‘कोल्हापुरी’ हे नाव छापलं नव्हतं, आणि २०१९ चं जीआय मानांकन नावाचं रक्षण करतं. पण राग रास्त होता. प्राडाने नंतर या चपलांची प्रेरणा भारतीय असल्याचं मान्य केलं, आणि डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या लिडकॉम आणि कर्नाटकच्या लिडकार या महामंडळांशी करारही केला. पण मला सांगायचंय ते वेगळंच. लिडकॉमने कोल्हापुरीच्या जोडावर क्यूआर कोड आणलाय. स्कॅन केलं की ती कुणी बनवली, कुठल्या जिल्ह्यात, हे गिऱ्हाइकाला दिसतं. लाखाच्या बॅगेतली चिप आपल्याला काही सांगत नाही आणि आपल्या चपलेवरचा कोड कारागिराचं नाव सांगतो!

“पण ओरिजिनल तरी कुठे एवढ्या लायकीची आहे?”

हा प्रश्न येणारच. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या टॅरिफच्या भांडणात चिनी कारखानदारांचे टिकटॉक व्हिडिओ फिरले, रील्समधून आपल्यापर्यंत आले : “तुमच्या महागड्या बॅगा आम्हीच बनवतो, आमच्याकडून थेट घ्या.” त्यात बर्किनसुद्धा होती. एरमेस आपल्या बॅगा फ्रान्समध्ये बनवते. ते व्हिडिओ म्हणजे नकली मालाची जाहिरात होती, फक्त ‘गुपित सांगतो’ असा आव आणलेली.

तरी एक गोष्ट मान्य करायला हवी. जून २०२४ मध्ये मिलानच्या न्यायालयाने दिओरच्या एका उत्पादक कंपनीवर प्रशासक नेमला. तपासात निघालं की २,६०० युरोंना विकल्या जाणाऱ्या बॅगेच्या जोडणीसाठी कंत्राटदाराला ५३ युरो दिले जात होते, चामडं वगैरे वेगळं, आणि त्या कारखान्यांत कामगारांचं शोषण होत होतं. तेव्हा ‘महाग म्हणजे उत्तम कारागिरी’ हे डोक्यातून काढून टाका. जास्तीचे पैसे नावाचे आहेत. पण न्यायालय तिथवर पोचलं कशामुळे? कंत्राटं होती, बिलं होती, नाव होतं. माझी ४६ हजारांची बॅग कुणी शिवली, त्याला किती मिळाले, हे शोधायला जगातलं कुठलंच न्यायालय जाऊ शकणार नाही, कारण त्या बॅगेच्या मागे कागदाचा एक कपटाही नाही.

घ्यायचीच असेल तर

पहिल्यांदा, ती कंपनी विकते कशी हे माहीत करून घ्या. याला बॅगेचं ज्ञान लागत नाही. लुई व्हिटॉन स्वतःच्या दुकानांतून आणि स्वतःच्या वेबसाइटवरूनच विकते, सेल लावत नाही, आउटलेट नाहीत. मग ‘लुई व्हिटॉन ७० टक्के सूट’ ही जाहिरात बघितल्याबरोबर उत्तर मिळालंच की. कोच किंवा मायकल कोर्सचं तसं नाही. त्यांचे खरोखरचे आउटलेट असतात, सूट असते, बऱ्याच वस्तू आउटलेटसाठीच बनवलेल्या असतात. तिथे सूट म्हणजे नकली असं नाही.

दुकानात जायला भीती वाटते, मला माहितीय. दरवान दार उघडतो आणि आपल्या पायातल्या चपलेकडे आपलंच लक्ष जातं. मुंबईत ताजमध्ये लुई व्हिटॉन २००४ पासून आहे, एरमेस हॉर्निमन सर्कलला २०११ पासून, बीकेसीत जिओ वर्ल्ड प्लाझा २०२३ मध्ये उघडलं. नुसतं बघायला गेलात तरी कुणी हाकलत नाही. मी बॅग घेण्याआधी एकदा गेले असते तर निदान खऱ्या कॅनव्हासला हात तरी लागला असता. लाजेपोटी गेले नाही.

सेकंडहँड घेणार असाल, आणि आपल्यापैकी बहुतेकांना तेच परवडतं, तर बॅगेइतकीच विकणाऱ्याची चौकशी करा. पूर्ण नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक. मूळ बिल असेल तर उत्तम, पण बिलंही खोटी छापतात, म्हणून नुसत्या बिलावर जाऊ नका. ‘नकली निघाल्यास पूर्ण पैसे परत’ हे लेखी घ्या, मुदतीसकट. एंट्रुपीसारख्या कंपन्या सूक्ष्मदर्शकासारख्या कॅमेऱ्याने फोटो काढून पडताळणी करतात आणि प्रमाणपत्र देतात, तसं असेल तर ते विकणाऱ्याने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर नको, त्या कंपनीच्या साइटवर जाऊन बघा. आणि पैसे क्रेडिट कार्डाने द्या. ठरावीक मुदतीत बँकेकडे तक्रार करून ते परत मागता येतात. वैयक्तिक खात्यावर यूपीआय केलं की गेलं.

वेबसाइटवरून घेताना ‘१०० टक्के ऑथेंटिक’ या शब्दांना काही अर्थ नाही. दिल्ली उच्च न्यायालयात ख्रिश्चन लूबुटँ, ते लाल तळव्यांच्या बुटांवाले, यांचा एका भारतीय साइटविरुद्धचा खटला होता. नोव्हेंबर २०१८ च्या निकालात न्यायालयाने साइटला ‘आम्ही फक्त मध्यस्थ’ या सबबीमागे लपू दिलं नाही, आणि माल कोण विकतंय त्या विक्रेत्यांची पूर्ण माहिती द्यायला सांगितलं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत तर मार्केटप्लेसने विक्रेत्याचं नाव, पत्ता, संपर्क दाखवायचाच आहे. मी आता पहिल्यांदा तेच शोधते. नाही दिसलं की टॅब बंद.

फसलातच तर बॅग वापरू नका, चॅट डिलीट करू नका. पैसे नुकतेच गेले असतील तर लगेच १९३० ला फोन, ग्राहक म्हणून तक्रारीसाठी १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, अर्ज ऑनलाइन करता येतो. मी हे सगळं केलं, पण आठ महिन्यांनी. पेजचं नाव बदललं होतं, मला ब्लॉक केलं होतं. १९१५ वरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, “विक्रेत्याचं नाव आणि पत्ता सांगा.” माझ्याकडे होतं एक यूपीआय आयडी.

राहिली आई. तिला मी तीन महिने काहीच सांगितलं नाही. म्हटलं, दुरुस्तीला वेळ लागतोय. बॅग माझ्या कपाटात, पाठमोरी. मग एके दिवशी आईचा फोन : तिच्या शाळेतल्या एक बाई, त्यांना मुलीच्या लग्नात द्यायला अशीच बॅग हवीय, तू कुठून घेतलीस त्याची लिंक पाठव, त्यांनी ५५ हजार काढून ठेवलेत. माझ्या पोटात गोळाच आला. माझी लाज झाकायला आता त्यांचे ५५ हजार जाणार होते.

मी रिक्षा करून घरी गेले आणि सगळं सांगितलं. रडलेसुद्धा. आईने पूर्ण ऐकून घेतलं. पहिला प्रश्न, “किती गेले?” मी आकडा सांगितला. ती बराच वेळ गप्प बसली. ४६ हजार म्हणजे तिच्या सुरुवातीच्या नोकरीतल्या कित्येक महिन्यांचा पगार. मग म्हणाली, “आधी त्या बाईंना फोन लावू. तुझं मागाहून बघते.” आणि स्पीकरवर टाकून, माझ्यासमोर, त्या बाईंना म्हणाली, “अहो, माझ्याकडची खोटी निघाली. घेऊ नका.” बस. एवढंच वाक्य, जे मला तीन महिने जमलं नव्हतं.

ती बॅग आता आमच्या गॅलरीत खुंटीला आहे, कांदे-बटाट्यांची. पावसात तिचं चामडं काळं पडायला हवं होतं, ते तसंच गुलाबी आहे.

तर फोटो पाठवायचे थांबवा बरं का. पाठवायचंच असेल तर विकणाऱ्याचं नाव-पत्ता मिळाला का ते लिहून पाठवा, मग बोलू. भेटू पुढच्या भागात.